दोन याद्या

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली एका दिवसापुरतं देशभर गाजलं. शहादा तालुक्यातलं हे छोटं आदिवासी गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग, सोनिया गांधी, मुख्यमंत्री अशोक चव्हाण आणि इन्फोसिस सोडून सरकारात आलेले नंदन निलेकणी अशी सगळी मंडळी मांडवात हजर होती. गावातल्या दहा जणांना देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा आकडे, दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळं, एक फोटो. ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही, सातबारा नाही, शाळा सोडल्याचा कागद नाही, त्यालाही आपली ओळख सिद्ध करता यावी, ही त्यामागची कल्पना होती. ती वाईट नव्हती.

त्याच दिवसांत मुंबईत कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श सोसायटीचं प्रकरण पेटत होतं. माहिती अधिकारातून निघालेले कागद, त्यामागे लागलेले कार्यकर्ते आणि पत्रकार यांच्यामुळे सभासदांची यादी चव्हाट्यावर आली होती. यादीतलं प्रत्येक नाव कोणाचं, त्याचे सोयरे कोण आणि फाइलवर सही कोणाची, एवढं लोकांनी जुळवून पाहिलं आणि घोटाळा उभा राहिला. टेंभलीच्या समारंभाला सहा आठवडेही झाले नव्हते, तोच ९ नोव्हेंबरला अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं. (न्यायाला धरून हेही नोंदवायला हवं की त्यांच्यावर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली परवानगी २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.)

दोन्ही याद्याच. टेंभलीच्या यादीत सरकार माणसांना नीट बघू लागलं होतं, कुलाब्याच्या यादीत माणसं सरकारला. खासगी माहितीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा गुपितांबद्दल बोलतो: फोटो कोणी पाहिले, गप्पा कोणी ऐकल्या, जाहिरात नेमकी चपलांचीच कशी आली. मला त्यापेक्षा या दोन याद्यांचं पुढे काय झालं हे महत्त्वाचं वाटतं. गेल्या पंधरा वर्षांत पहिली यादी इतकी लांब आणि इतकी हुशार झाली, की आता ती आपणहून निर्णय घेते. दुसऱ्या यादीवर मात्र पडदा सरकत चालला आहे, आणि तो सरकवताना नाव घेतलं जातं तुमच्या-माझ्या खासगीपणाचं.

*

२८ जून २०२४ रोजी विधिमंडळात अर्थसंकल्प मांडताना अजित पवारांनी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलेला महिन्याला १,५०० रुपये. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे अर्ज भरून घेण्याची घाई अशी की कोणाला मागे वळून बघायला फुरसत नव्हती. अंगणवाडी सेविकांना अर्जामागे ५० रुपये ठरले. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, हमीपत्र, सगळ्याचे फोटो काढून ॲपवर चढवायचे. सेवा केंद्रांसमोर, ग्रामपंचायतींच्या ओट्यांवर बायकांच्या रांगा लागल्या. राज्याच्या इतिहासात एवढ्या थोड्या आठवड्यांत एवढ्या बायकांची माहिती कधी गोळा झाली असेल असं मला वाटत नाही.

निवडणूक झाली, सरकार आलं, आणि मग छाननी आठवली. आता घरोघर जाण्याची गरजच नव्हती, कारण याद्या एकमेकींवर ठेवून पाहता येत होत्या. परिवहन खात्याकडे चारचाकींची यादी, प्राप्तिकर खात्याकडे करदात्यांची, इतर योजनांकडे आपापल्या लाभार्थ्यांची. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं आढळलं आहे आणि जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केला आहे. १४ हजारांहून अधिक पुरुषांनी लाडक्या बहिणीचे पैसे घेतल्याचंही त्याच सुमारास बाहेर आलं. तेव्हा याद्या ताडून पाहिल्याने खोटेपणा सापडतो, हे खरं आहे. तलाठ्याच्या आणि रेशन दुकानदाराच्या मर्जीवर जगलेल्या माणसाला जुन्या कागदी कारभाराचे गोडवे गायला सांगू नये. त्या काळात गव्हाची पोती परस्पर कुठे जात होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे.

पण क्रम पाहा. आधी स्थगिती, मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी. म्हणजे ज्या बाईचं नाव चुकून त्या २६ लाखांत गेलं असेल, तिला ते कळलं कधी? बँकेतून मेसेज आला नाही तेव्हा. कोणत्या यादीने तिला बाद केलं, कोणत्या निकषावर, हे सांगणारी चिठ्ठी तिच्या हातात कोणी दिली नव्हती. नवऱ्याच्या नावावर दिसणारी गाडी खरंच त्याची आहे, की पाच वर्षांपूर्वी विकलेली आणि नाव न बदललेली, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. गावाकडे गाडी विकताना आरटीओचे कागद लगेच होतातच असं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्राला तेवढं कोण सांगणार?

१८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने स्वतःचा आधार क्रमांक द्यायचा, ओटीपी टाकायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. उत्पन्न कुटुंबाचं मोजायचं म्हटल्यावर हे सरळच वाटतं. मात्र योजनेच्या पहिल्या शासन निर्णयातच पात्र महिलांची यादी होती: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार. विधवेने कोणाचा ओटीपी आणायचा? घटस्फोटितेकडे निदान कोर्टाचा कागद असतो. परित्यक्तेकडे बहुधा तेही नसतं; नवरा टाकून गेला याचा दाखला सहजासहजी मिळत नाही. ज्याने दहा वर्षांत तोंड दाखवलं नाही, त्याला फोन करून 'आकडा सांगा' म्हणायची पाळी तिच्यावर आणली गेली. त्यातच सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात पूर आला, घरंच्या घरं वाहून गेली, कागदांची काय कथा. आरडाओरड झाल्यावर नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि नवरा वा वडील हयात नसलेल्या, घटस्फोट झालेल्या महिलांसाठी दाखले जोडायची वाट काढली गेली.

त्या दिवसांत सेवा केंद्रात अर्धा तास उभं राहिलं तरी बरंच काही दिसायचं. बाई पिशवीतून फोन काढते आणि काउंटरवरच्या पोराच्या हाती देते. "दादा, ओटीपी आला का बघा." दादा बघतो, टाकतो, दोन-तीन रकान्यांवर बरोबरच्या खुणा करतो, पुढची बाई. संमती घेतल्याची नोंद तिकडे सर्व्हरवर पक्की होते, आणि इकडे जिची संमती, तिने पडदा पाहिलेलाही नसतो. यात त्या पोराचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्यामागे वीस बायका उभ्या आहेत आणि साइट दर दहा मिनिटांनी बंद पडते आहे.

ई-केवायसीच्या या अर्जात घरात सरकारी नोकर असण्या-नसण्याबद्दलची घोषणा होती, तीही नकारार्थी. 'कुटुंबात कोणी सरकारी कर्मचारी नाही' अशा अर्थाचं वाक्य, आणि त्यापुढे 'होय' किंवा 'नाही'. घरात कोणी नोकरीत नसेल तर बरोबर उत्तर 'होय'. आता कोणाही सरळ माणसाला विचारून पाहा, तो काय म्हणेल? 'नाही, नाही, आमच्याकडे कोण सरकारी नोकर!' बायकांनी नेमकं तेच उत्तर दिलं आणि यंत्राच्या लेखी त्या सरकारी नोकरांच्या घरच्या ठरल्या. पैसे थांबले. जानेवारी २०२६ मध्ये मंत्र्यांना जाहीर करावं लागलं, की ई-केवायसीत चुकीचा पर्याय निवडला गेलेल्या महिलांची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी होईल.

ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला मराठी येत नव्हतं असं नाही. त्याला कोणाच्या उत्तराची गरज नव्हती, फक्त घोषणेची होती. दोन्हीतला फरक फार मोठा आहे.

*

पैसे कोणत्या खात्यात जातात, हाही एक गमतीदार प्रकार आहे. आपण अर्जावर खाते क्रमांक लिहितो आणि समजतो की पैसे तिथे येणार. आधारमार्फत होणाऱ्या थेट हस्तांतरात तसं होत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकच बँक असते: जी सगळ्यांत शेवटी जोडली गेली ती. तुम्ही जिल्हा बँकेचं पासबुक घेऊन बसला असाल आणि मध्यंतरी कोणी दुसरं खातं उघडून आधार जोडला असेल, तर पैसे तिकडे. २०१७ साली एअरटेलच्या ग्राहकांना हा प्रसाद मिळाला. सिमकार्डाच्या आधार पडताळणीच्या वेळी कंपनीच्या पेमेंट्स बँकेत त्यांची खाती उघडली गेली, पुष्कळांना पत्ताही नव्हता, आणि गॅसचं अनुदान त्या खात्यांत जाऊ लागलं. ३१ लाखांवर ग्राहक, सुमारे १९० कोटी रुपये. ओरड झाल्यावर आधार प्राधिकरणाने परवाना काही काळ रोखला, रिझर्व्ह बँकेने ५ कोटींचा दंड केला, पैसे परत फिरवले गेले. कोणी तिजोरी फोडली नव्हती, कोणी पासवर्ड चोरला नव्हता. संमतीच्या रकान्यात एक खूण आधीपासून केलेली होती, एवढंच.

बोटांच्या ठशांचं तर आणखीच. पासवर्ड गेला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या साइटवरून जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रती उतरवून घेतल्या. त्यावर आधार क्रमांक होते आणि अंगठे होते. रबरी शिक्के बनवायच्या यंत्रावर त्याने त्या अंगठ्यांचे साचे पाडले आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली. विक्रीचं लक्ष्य गाठण्यासाठी! पुढे हीच युक्ती आधारवर पैसे काढून देणाऱ्या यंत्रांवर चालली आणि अनेक राज्यांत लोकांची खाती रिकामी झाली. मग नोंदणी खात्यांना खतांवरचे ठसे झाकायच्या सूचना गेल्या. तोवर किती प्रती उतरल्या गेल्या असतील याचा हिशेब कोणाकडे असणार?

उलट टोकाला, खरं बोट खऱ्या यंत्रावर उमटत नाही. ऊस तोडून, विटा वाहून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांच्यासमोर रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन लाल दिवा दाखवतं. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारला न जोडलेलं रेशनकार्ड रद्द झाल्याने घरात धान्य नव्हतं, असं घरच्यांनी सांगितलं. मलेरियाने गेली, असं सरकारने. तेलंगणाने अनेक खात्यांच्या याद्या जोडणारी यंत्रणा उभी केली, राज्यात सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली, आणि अखेर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माणसं पाठवा आणि ही कार्डं घरोघर जाऊन पुन्हा तपासा.

*

या सगळ्यावर कायदा काय म्हणतो? कायद्याची गोष्ट सुरू होते ती बंगळुरूच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपासून. के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ साली ऐंशी उलटल्यावर त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली. सरकारी बाजूने २०१५ मध्ये युक्तिवाद आला, की खासगीपणा हा मुळात मूलभूत हक्कच नाही. १९५४ सालच्या आठ न्यायाधीशांच्या निकालाचा दाखला दिला गेला. मग प्रकरण नऊ जणांपुढे गेलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्ती म्हणाले, हक्क आहे. त्यात नागपूरचे शरद बोबडे होते आणि मुख्य निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीत जगण्याचा हक्कही स्थगित होऊ शकतो, असं १९७६ साली म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने वडिलांचा तो निकाल याच निकालपत्रात मोडीत काढला. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात मात्र चारास एक असं झालं. सरकारी लाभांसाठी आधार कायम राहिलं, खासगी कंपन्यांची सक्ती गेली, आणि धनंजय चंद्रचूड एकटे विरुद्ध राहिले.

हक्क मिळाला, पण तो वापरायला कायदा हवा होता. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला माहीत असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये मसुदा दिला. सरकारने २०१९ मध्ये आणलेलं विधेयक पाहून, यात सरकारला दिलेली सूट धोक्याची आहे, अशी टीका खुद्द श्रीकृष्णांनीच केली. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला.

कायद्यात चांगलं आहे, ते आधी सांगतो. माहिती कशासाठी घेताय हे साध्या भाषेत, मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या भाषांत सांगावं लागेल. माहिती फुटली तर ज्याची ती त्याला कळवावं लागेल. माहितीच्या आधारे माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ती अचूक आणि पूर्ण असल्याची खातरजमा करावी लागेल. दंड २५० कोटींपर्यंत. मोबाइल नंबर घेतल्याशिवाय बिल न करणाऱ्या दुकानदाराला याचा धाक बसला तर हवाच आहे. २०२३ मध्ये ग्राहक खात्याने दुकानांना नंबरची सक्ती करू नका असं बजावलं होतं, त्याचा काउंटरवर फारसा परिणाम झालेला दिसला नाही.

आता बाकीचं. अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी सरकारने माहिती वापरली तर प्रत्येक वेळी नव्याने संमती लागत नाही. सरकारी नोंदवहीत असलेली माहितीही त्यासाठी वापरता येते. सुरक्षेच्या, सुव्यवस्थेच्या कारणाने केंद्र सरकार कोणत्याही यंत्रणेला कायद्यातून पूर्ण वगळू शकतं. पोलिसांसाठी गुन्हे उकलणारी कृत्रिम बुद्धिमत्ता तयार करायला आपल्या राज्याने २०२४ मध्ये नागपूरला 'मार्वल' नावाची कंपनी काढली आहे, तेव्हा हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. युरोपच्या कायद्यात केवळ यंत्राने केलेल्या निर्णयाला हरकत घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे तसा हक्क नाही. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमणार. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर नागरिकाला १० हजारांपर्यंत दंड. ही तरतूद लिहिणाऱ्याच्या मनात नागरिकाबद्दल काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

दंडाचे पैसे कोणाला? भारताच्या संचित निधीला. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपयाही नाही. आतापर्यंत असं नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३ अ हे कलम आहे. कंपनीने माहिती नीट सांभाळली नाही आणि तुमचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, आणि ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे चालतो. २०१३ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीच्या खात्यातून फसवून ८० लाखांहून अधिक रकमा काढल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्राच्या सचिवांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये द्यायला लावले होते. फसव्या ईमेलला उत्तर देण्यात तक्रारदाराचीही चूक होती, पण चोरांची खाती कागद न तपासता कोणी उघडली, असा प्रश्न सचिवांनी बँकेला विचारला. मुंबईत बसणारा, सुनावणी घेणारा, हिशेब मागणारा अधिकारी. हे कलम नवा कायदा काढून टाकणार आहे.

या कायद्याचं वेळापत्रक कोणी कधी नीट वाचलं आहे का, असा मला प्रश्न पडतो. नागरिकाला संरक्षण देणारी कलमं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची. कंपन्यांना तयारीला वेळ हवा ना! ४३ अ रद्द होणार तेही त्याच वेळी. मात्र एक कलम असं होतं ज्याला तयारीची गरज पडली नाही. ४४ (३). ते नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आलं. या कलमाने माहिती अधिकार कायदा बदलला.

*

माहिती अधिकाराच्या कलम ८ (१) (ञ) मध्ये खासगी माहिती नाकारायची सोय पहिल्यापासून होती, पण तिला लगाम होते. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा ती दिल्याने खासगीपणावर नाहक घाला पडत असावा. मोठं जनहित असेल तर द्यावीच. शिवाय शेवटी एक सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. नव्या कलमाने हे सगळं पुसलं. आता फक्त एवढंच उरलं की वैयक्तिक माहिती देणं बंधनकारक नाही. सरकारचं म्हणणं आहे की कलम ८ (२) मधला जनहिताचा अपवाद शाबूत आहे आणि जी माहिती कायद्यानेच प्रसिद्ध करायची ती होतच राहील. कागदावर ते खरं आहे. पण माहिती अधिकाऱ्याच्या टेबलासमोर कधी उभं राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, की 'देऊ नका' म्हणणारं वाक्य त्याला लगेच सापडतं आणि 'देऊ शकता' म्हणणारं अपिलात दोन वर्षांनी.

आदर्शची यादी आता मागून पाहा. सभासदांची नावं, त्यांची पदं, त्यांची नाती: यातली कोणती गोष्ट वैयक्तिक नाही? घोटाळे नेहमी नावांतच असतात. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाचं नाव, घरकुलाच्या यादीत सरपंचाच्या मेव्हण्याचं.

याद्या उघड ठेवल्या की माहिती फुटते, हा आक्षेप खोटा नाही. मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने दाखवून दिलं, की केवळ चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले आहेत, बरेच बँक खात्यांसह. पण तिथे चुकलं काय होतं? नावांच्या शेजारचा एक रकाना झाकायचा राहिला होता. त्यावर उपाय रकाना झाकणं हा आहे. आपण यादीच कुलपात ठेवायला निघालो आहोत. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'च्या वार्ताहराने ५०० रुपयांत कोणाचाही आधार तपशील मिळतो हे सिद्ध केलं, तेव्हा प्राधिकरणाने दिलेल्या फिर्यादीत त्या वार्ताहराचंही नाव होतं. सांगणाऱ्याचंच तोंड दाबायची ही सवय जुनी आहे.

श्रीमंत, शिस्तीच्या देशातही यंत्र असंच वागतं, हे नेदरलँड्सने दाखवलं. तिथल्या कर खात्याने पाळणाघराच्या अनुदानात लबाडी शोधायला धोका मोजणारी प्रणाली लावली. दुहेरी नागरिकत्व, परदेशी मूळ असलेले आईबाप तिच्या नजरेत पटकन भरत. सही राहिली, एक कागद कमी पडला, की वर्षानुवर्षांचं अनुदान परत करायचा हुकूम. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले. दोन खासदार आणि दोन माध्यमांच्या पत्रकारांनी पाठ सोडली नाही, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वर्षअखेरीस तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने आपल्याच सरकारच्या कर खात्याला २७ लाख ५० हजार युरोंचा दंड ठोठावला. यंत्राची चूक तिथे कागद मागणाऱ्यांनी उघडी पाडली. आपल्याकडच्या २६ लाख ३४ हजारांच्या यादीत कोणत्या निकषावर कोणती नावं गेली आणि पडताळणीनंतर त्यांतली कोणती परत आली, असं कोणी विचारायला गेलं, तर माहिती अधिकाऱ्याच्या हाती आता एक नवं कारण आहे.

*

मग या यादीतल्या चुका निस्तरायला कोण आहे? अंगणवाडी सेविका. अर्ज तिनेच भरून घेतले, बाद झालेल्यांच्या घरी तीच गेली, 'होय-नाही'चा घोळही तिनेच दारोदार जाऊन सोडवायचा. कोणत्या बाईचा नवरा खरंच टाकून गेलाय, कोणाच्या दारातली गाडी दिराची आहे, हे तिला न विचारता ठाऊक असतं. सरकारच्या या सगळ्या यंत्रणेत खरी पडताळणी तीच करते, आणि तिला पगार नाही, मानधन मिळतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन जुने, तापणारे, आणि पोषण ट्रॅकर ॲप धड मराठीत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ॲप गेलं नाही. १ जुलै २०२५ पासून त्यातच चेहरा ओळखण्याची सक्ती आली आहे. गरोदर बाईला किंवा लहान मुलाच्या आईला घरी न्यायचा आहार द्यायचा, तर आधी तिची ई-केवायसी, मग दर वेळी तिचा फोटो काढून चेहरा जुळवायचा. नेटवर्क नसेल तर टेकडीवर जाऊन. बाया ओटीपी सांगायला घाबरतात, असं सेविका सांगतात, कारण ओटीपी कोणाला सांगू नका असं बँकेने बजावलेलं असतं. जी सून म्हणून घरात आली तेव्हापासून सेविका जिला ओळखते, जिचं बाळंतपण तिने वहीत टिपलं, तिचा चेहरा फोनने ओळखेपर्यंत आहाराचं पाकीट हातात धरून थांबायचं. सेविकांच्या संघटनांनी याला विरोध केला आहे. चेहरा जुळला नाही आणि तिने ओळखीवर पाकीट दिलंच, तर ते वाटप ॲपवर दिसणार नाही, आणि त्याचा जाब तिला विचारला जाईल.